कोवर्किंगमध्ये ओळखी करायला जायचं की काम करायला? (बडोदा)

मुकाट_बसणारा
अलकापुरीतल्या एका कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने टेबल-खुर्ची मिळते अशा सामायिक ऑफिसात, आठ महिने झाले बसतोय. पायपिंगची आयसोमेट्रिक ड्रॉइंगं काढून देतो, फ्रीलान्स. घर दांडिया बाजारात, दोन खोल्या, आईच्या सिरीयली आणि खाली स्कूटर रिपेअरवाला, म्हणून महिना साडेपाच हजार देऊन खुर्ची घेतली. एसी, नेट, शांतता, विषय संपला. पण तिथली मॅनेजर दर शुक्रवारी 'मिक्सर' ठेवते. गोल उभं राहायचं, आपण काय करतो ते एका मिनिटात सांगायचं, मग समोसे. मागच्या दोन वेळा गेलो नाही तर म्हणते, सर तुम्ही मेंबरशिप वाया घालवताय. काल जमलेली व्हिजिटिंग कार्डं मोजली, ३१ निघाली, त्यातली नऊ विमा आणि म्युच्युअल फंडवाल्यांची. कामाचा फोन शून्य. माझं मत असं की कामातून ओळख होते, ओळखीतून काम होत नाही. बोला.

तरी_एक्स्ट्रा
मिक्सर बोगस असतो हे मान्य, पण त्यावरून सगळंच बोगस ठरवतोयस. माझ्या शेजारच्या डेस्कवर एक जण सहा महिने फक्त मान हलवायचा. एकदा त्याचा चार्जर गेला, मी माझा दिला, तेव्हा कळलं की तो वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. तीन महिन्यांनी मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथली औद्योगिक वसाहत) त्याच्या एका पार्टीला कॅटलॉग पाहिजे होता, तो माझ्याकडे आला आणि अजून त्या पार्टीचं काम चालूय. ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहे, त्याने १९७३ मध्येच मांडलंय हे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले १०० त जेमतेम १७, बाकी सगळे कधीमधी भेटणारे. कारण साधं आहे, आपल्या घट्ट मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं.

मुकाट_बसणारा
तो आकडा ५४ लोकांवरचा आहे भाऊ, आणि तेही बॉस्टनजवळच्या एका गावातले नोकरी बदललेले पुरुष. अलकापुरीला कशाला लावतोस?
आणि तुझ्या गोष्टीत काम चार्जरमुळे आलं, नेटवर्किंगमुळे नाही 😀

तरी_एक्स्ट्रा
अरे चार्जर देणं हेच नेटवर्किंग!! तू दिला असतास का, हेडफोन काढून?

रेवा_काठची
हेडफोनवर घसरू नका प्लीज. मी कंटेंट लिहिते, सयाजीगंजला बसायचे. पुरुष कॉफी मशीनपाशी दोन मिनिटं बोलला तर ते कनेक्शन, मी बोलले तर रात्री साडेदहाला 'झोपलात का' असा मेसेज. दोनदा झालं, मग मी पण कानात घालून बसायला लागले, गाणी बंद, नुसतं घालून. तरी मला तिथूनच दोन क्लायंट मिळाले, दोन्ही बायकांकडून, आणि दोन्ही वेळा सुरुवात 'वॉशरूमची कडी लागत नाहीये' इथून झाली. त्यामुळे ओळखी कराव्यात की नाही हा प्रश्नच मला अर्धा वाटतो, कोणाला किती महागात पडतात तेही बघा.

मुकाट_बसणारा
हे खरंय, माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

शेड_नं_चार
बाळांनो, मी मकरपुऱ्यात २६ वर्षं वर्कशॉप चालवलं. आमच्याकडे मिक्सर नव्हता, चहाची लारी (हातगाडी) होती. माझा दोन टनी चेन पुली ब्लॉक, त्यावर ऑइल पेंटने माझं नाव, तो चार शेडमध्ये फिरायचा, कधी कधी मलाच लागला की शोधत फिरावं लागायचं. पण माझा लेथवाला डेंग्यूने पडला तेव्हा बाजूच्या शेडने आपला माणूस आठ दिवस दिला, पगार त्यांनीच भरला. ती ओळख कार्डाने झाली असती का? इथवर मी मुकाटच्या बाजूने. पण मुकाट, तिथे शेजारच्याला माहीत तरी आहे का तू काय करतोस? आमची शेडं उघडी असायची, काय कापतोय, काय वेल्ड करतोय सगळं रस्त्यावरून दिसायचं.

मुकाट_बसणारा
काका, दिसू नये म्हणूनच भिंतीला पाठ लावून बसतो. क्लायंटची ड्रॉइंगं असतात, बाहेर दाखवायची नाहीत असं सही करून दिलंय. आणि तिथे भिंती म्हणजे काच. आमच्याकडे एकाने फोनवर रेट सांगितला, पलीकडच्याने ऐकला, त्याच पार्टीला हजार रुपये कमी करून दिला. दोघं अजून तिथेच बसतात, एकमेकांना गुड मॉर्निंग करतात.

अर्धा_चहा
काचेवरून आठवलं. २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांत मोजमाप झालं होतं, लोकांच्या गळ्यात सेन्सर लावून. भिंती काढून ऑफिस उघडं केलं तर समोरासमोर बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवलं की आपोआप ओळखी होतात हे ब्रोशरवाल्यांचं गणित.

तरी_एक्स्ट्रा
पण ती एकाच कंपनीची माणसं होती ना, बॉससमोर बसलेली. कोवर्किंगमध्ये बॉस कोण?

अर्धा_चहा
क्लायंट. झूमवर. 🙂

मुकाट_बसणारा
आजचा अपडेट. शेजारच्या टेबलवरच्या पोराला ए-वन साइजची प्रिंट पाहिजे होती, तिथला प्रिंटर ए-फोरचा, तो वैतागला होता. मी हेडफोन काढून (हो काढले!) रावपुऱ्यातलं दुकान सांगितलं. म्हणाला थँक यू भाई, तुम्ही काय करता? म्हटलं पायपिंगची ड्रॉइंगं. तो म्हणाला 'ओ, माझे मामा रिफायनरीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहेत', आणि घाईत गेला.

शेड_नं_चार
कोयली रिफायनरीच्या?

मुकाट_बसणारा
विचारलं नाही.

तरी_एक्स्ट्रा
नंबर तरी घेतलास का?

मुकाट_बसणारा
नाही.

तरी_एक्स्ट्रा
तू शुक्रवारी जा बाबा. निदान समोसे तरी खा.