रोमानियन 'आपऽ' आणि आपलं 'आप'

प्रश्न : रोमानियन भाषेत पाण्याला 'आपऽ' म्हणतात. पृथ्वी, आप, तेज, वायू यातलंच 'आप' की हे! मग हा शब्द आद्य भारत-युरोपीय भाषेतून (संस्कृत, लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेतून) डेशियनमार्गे, म्हणजे तिथल्या रोमनपूर्व भाषेमार्गे, थेट तिथे पोचला असेल ना?

उत्तर : नाही, तो लॅटिनमधूनच आला आहे. लॅटिन 'आक्वा' म्हणजे पाणी. ज्याच्या पुढे 'आ' येतो अशा 'क्व'चा रोमानियनमध्ये अनेकदा 'प' होतो : 'एक्वा' (घोडी) झाली 'यापऽ', 'क्वात्तुओर' (चार) झालं 'पात्रु'. 'आपऽ' त्यांच्याच रांगेतला, त्याला एकट्याला उचलून डेशियन ठरवता येत नाही. नुसतं ध्वनिसाम्य फार फसवं असतं.

रोमन सम्राट ट्राजानने इ.स. 106मध्ये डेशिया (आजच्या रोमानियाचा भाग) जिंकला आणि तिथे लॅटिन रुजली. डेशियनचं सलग लेखन उरलेलं नाही. गावांची नि माणसांची नावं आहेत, शिवाय ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांतली काही वनस्पतींची. म्हणून आधार घ्यायचा तो अल्बेनियनचा. जे शब्द लॅटिनमध्ये नाहीत, पण रोमानियन आणि अल्बेनियन या दोन्ही भाषांत आहेत, ते आधी तपासायचे.

'बार्ज़ऽ' घ्या. रोमानियनमध्ये हा बलाक पक्षी, अल्बेनियनमध्ये 'बार्दऽ' म्हणजे पांढरा (हा 'द' जीभ दातांना घासून). मूळ धातूचा अर्थ चकाकणं, उजळणं. आपलं 'भूर्ज' त्याच धातूचं, पांढुरक्या सालीचं झाड. संस्कृतने 'भ' राखला, तिकडे महाप्राण गळून 'ब' उरला. मुळातला तालव्य 'ग' संस्कृतात 'जीवन'मधला 'ज' झाला. तिकडे तो आधी 'जाड'मधल्या 'ज'सारखा झाला असावा, आणि मग रोमानियनमध्ये त्यातला स्पर्श (जिभेचं टेकणं) सुटून नुसता 'ज़' राहिला. मराठी माणसाला हे दोन 'ज' निराळे समजावून सांगावे लागत नाहीत, हे आपलं मोठं भाग्य!

प्रश्न : पण हे शब्द अल्बेनियनमधून नंतर उसने घेतले नसतील कशावरून?

उत्तर : वाटाण्याचं उदाहरण बघा. अल्बेनियन 'मोदुल', रोमानियन 'माज़रे'. दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'र' झाला. लॅटिन 'गुला' (घसा) पासून 'गुरऽ' (तोंड) झालं तेव्हा हाच बदल घडला. म्हणजे तो घडत असताना वाटाण्याचा शब्द रोमानियनच्या पूर्वजांच्या तोंडी होताच. शिवाय आजच्या 'द'वरून घेतला असता तर इथे 'ज़' आला नसता. तरीही हा थर नेमका डेशियन, थ्रेशियन (बाल्कनमधली आणखी एक लुप्त भाषा) की अल्बेनियनच्याच पूर्वजाचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नोंद करताना मी 'लॅटिनपूर्व' एवढंच लिहीन.