स्टार ट्रेक कुठून सुरू करावं?

दादा, ‘स्टार ट्रेक’च्या अंतराळप्रवासावरच्या टीव्ही मालिका १९६६च्या मूळ मालिकेपासून क्रमानेच पाहाव्यात हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. ती मालिका मलाही फार प्रिय आहे, पण नव्या माणसाला आधी ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही त्यातलीच नंतरची मालिका दाखवावी, आणि तीही पहिल्या भागापासून नव्हे. १९८७चा पहिला सीझन चाचपडतच चालतो. सरळ दुसऱ्या सीझनमधला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ लावा. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची, म्हणजे कथेतल्या अंतराळदलाची मालमत्ता की स्वतंत्र व्यक्ती, यावर सुनावणी होते आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडायची वेळ त्याच्याच मित्रावर, रायकरवर येते. मागचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. इंदूरला आमच्या घरी, अंतराळयानांत काडीचा रस नसलेल्या आईने यावर जेवणं होईपर्यंत वाद घातला. रायकरने डेटाला भर सुनावणीत बंद करायला नको होतं, हे तिचं ठाम मत!

मग तिसऱ्या सीझनपासून सलग बघा. ‘डीप स्पेस नाइन’ ही आणखी एक स्टार ट्रेक मालिका इतक्यात नको. त्यातलं युद्ध अनेक भागांत पसरलेलं आहे, मधूनच शिरलं तर संदर्भ लागत नाहीत. मूळ मालिका त्याआधी घ्या, तिच्यातल्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागापासून.