जुनं रीळ: सगळीकडे ग्रीस नको

भाऊ, गोव्यात शापोऱ्याला मासे गरवायला घेतलेलं जुनं स्पिनिंग रीळ (गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र) धुऊन आत सगळीकडे ग्रीस भरणार म्हणता, पण हँडल उलटं फिरू न देणाऱ्या रोलर बेअरिंगला ग्रीस अजिबात लावू नका. त्यातले बारीक रोलर चिकटून बसतात आणि ऐन ओढीत हँडल मागे सटकतं. तिथे पातळ तेलाचा पुसटसा हात पुरे. ग्रीस दातेरी चाकांना. मुख्य चाकालगतच्या कागदासारख्या पातळ चकत्या फोटो काढूनच उचला, त्यांची जागा बदलली की चाकं खरखरतात.

आणि बेलवरचा, म्हणजे दोरी रिळावर घेणाऱ्या तारेच्या कमानीवरचा, लाइन रोलर (दोरी जिच्यावरून सरकते ती छोटी फिरकी) आधी बघा. खारं पाणी थेट तिथेच बसतं. तो जाम असेल तर चोणक मासा लागल्यावर दोरी घासून तुटते, फार जिवाला लागतं हो! ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढताना दोरी जपून सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या फेल्टच्या आहेत की कार्बनच्या?