ऐकणं म्हणजे नुसतं 'व्हय म्हाराजा' नव्हे – तुमचे अनुभव सांगा

मी कुडाळचा, नोकरीमुळे सध्या पनवेलला. मे महिन्यात बाबांचा फोन आला, मी लॅपटॉपवर काहीतरी करत होतो आणि दर वाक्याला हं, हो, बरं चालू. आई मागून ओरडली, "गाऱ्हाण्यातलो व्हय म्हाराजा कित्याक करतंस? ते काय सांगतत ता ऐक तरी!" (आमच्याकडे गाऱ्हाण्यात एकजण देवाला मागणं घालतो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात.) मी त्यालाही हो म्हटलं. बाबा सांगत होते की विहिरीवरचा पंप गुरगुरतोय, कोणालातरी पाठव. चार दिवसांनी पंप जळला, भर उन्हात पोफळींना पाणी नाही, आणि वायंडिंगवाला म्हणतो बेअरिंग गेलं होतं, आधी बोलावलं असतंत तर थोडक्यात भागलं असतं.

तर घरात, कामावर, कुठेही ऐकण्यात माती खाल्ली असेल किंवा ऐकायला शिकला असाल तर लिहा. उपदेश नको, किस्से हवेत.

वेंगुर्ला
दिवसा पतसंस्थेच्या काउंटरवर, जत्रांच्या दिवसांत रात्री दशावतारात. आमच्याकडे पाठ करायला संवाद नसतात, नाटकाआधी आख्यान सांगतात, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं आणि पुढचं सगळं रंगमंचावर आयत्या वेळी. नवा होतो तेव्हा मी राजा. एक जोरदार वाक्य मनात घोळवत उभा होतो. समोर राणी (म्हणजे आमचाच एक दादा, लुगड्यात) स्पष्ट म्हणाली की महाराज, राजपुत्र शिकारीस गेले आहेत. आणि मी गरजलो, "बोलवा राजपुत्राला!" राजपुत्र कपाळाला टिळा, कमरेला तलवार अशा थाटात देवळामागे चहा पीत होता. लोक हसायला लागले, शेवटी पेटीवाल्याने एक पद ओढलं म्हणून वाचलो. नंतर मेकअप पुसता पुसता दादा म्हणाला, "तू तुझ्या वाक्याचीच तयारी करत रवतंस, मगे माझा काय ऐकाक येतला?" काउंटरवरही मी तेच करायचो, माणूस अर्धं बोलला की मी फॉर्म पुढे सरकवायचो. बऱ्याचदा चुकीचा.

सावंतवाडी तालुका, उपकेंद्रात नर्स
पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला आम्ही शेतात, चिखलात गेला होतात का विचारतो, लेप्टोसाठी (चिखलपाण्यातून होणारा ताप). एक काका ठामपणे नाही म्हणाले. गोळ्या घेऊन दारापर्यंत गेले आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता त्येंच्या लावणीक कोण जातलो." परत बोलावलं. आठवडाभर शेजाऱ्याच्या शेतात लावणीला जात होते, पण त्यांच्या हिशोबात शेत म्हणजे स्वतःचं! पोटऱ्याही दुखत होत्या (हेही लेप्टोचं लक्षण), ते लावणीनेच म्हणून सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पेशंट दाराबाहेर पडेपर्यंत मी पुढचा केसपेपर उचलत नाही.

देवगड
आजोबा फणस बोटाने वाजवून कान लावायचे. टणटण आला तर राहू दे, बद्द आला तर उतरव. मी दहा वर्षं फक्त वाजवत होतो, कान लावत नव्हतो, म्हणून कच्चे फणस लय खाल्ले.

रत्नागिरी
आई ७८ वर्षांची. आम्ही ओरडायचो, ती चिडायची की पुटपुटता कशाला आणि मग ओरडता कशाला. एकदा सातची एसटी सांगितली, ती निवांत आठच्या हिशोबाने आवरत बसली. आम्हाला वाटलं मुद्दाम. डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ असली अक्षरं गळतात, जाडा आवाज मात्र येतो. म्हणजे सातमधला स गेला की उरतं काय बघा! ओरडून अक्षरं अजून फाटतात. आता मिक्सर बंद करून समोर बसून सावकाश बोलतो. भांडणं निम्मी झाली, निम्मी आहेतच.

हर्णै
जून २०२०, निसर्ग वादळ. सूचना दोन दिवस येत होत्या, मी सगळ्यांना सांगत होतो की वादळं काय, वर गुजरातकडे सरकतात दरवेळी. ऐकलं सगळं होतं, पण ठरवून बसलेलो. ३ तारखेला दुपारी पत्रे उडाले तेव्हा मी ज्यांच्यावर हसलो होतो त्या शेजाऱ्यांच्याच स्लॅबखाली बसलो होतो.

गुहागर
सगळे ऐकायला शिका म्हणताय, छान. आमच्या होमस्टेमध्ये मी दिवसभर पाहुण्यांचं ऐकते, संध्याकाळी सासूबाईंचं, रात्री नवऱ्याचं. माझं ऐकायला कोण शिकतंय ते पण लिहा की कोणीतरी.

कुडाळ (धागाकर्ता)
गुहागरच्या ताई, लिहीत राहा, वाचतोय. आणि रत्नागिरीकर, तुमचं वाचून चरकलोच. बाबांना पंपाची गुरगुर ऐकू येते, पण माझी ताई फोनवर बोलली की ते "हं, हो, बरं" करतात. आम्ही समजत होतो मी त्यांच्यावर गेलोय. शनिवारी कुडाळला जातोय, कान तपासायला नंबर लावलाय. त्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "बरं बरं, पंपवाल्याक घेवन ये."