केटी लागली (विषय राहिला) म्हणजे डोकंच नाही? तुमचे अनुभव लिहा

रिझल्ट लागलेत आणि एफवायच्या (फर्स्ट इयरच्या) पोरांचं "मॅथ्स आपल्याला झेपणारच नाही", "टॉपर जन्मालाच टॉपर येतात" सुरू झालंय. अशी समजूत कोणाची बदललीत किंवा तुमची कोणी बदलली असेल तर लिहा. "मेहनत कर बाळा" छाप प्रवचन नको, नेमकं काय केलंत ते सांगा.

डोंबिवली, इंजिनिअरिंगला शिकवते:
मी पेपरची फोटोकॉपी मागवायला लावते. मार्क जिथे गेले तिथे शेजारी त्यानेच कारण लिहायचं, स्टेप गाळली, वेळ संपला, युनिट ऑप्शनला टाकलं होतं वगैरे. "डोकं नाही" असं लिहायला जागाच सापडत नाही. एकजण एम थ्रीत (तिसऱ्या सेमच्या मॅथ्समध्ये) अडकला होता, बघितलं तर लाप्लासचे फॉर्म्युले तोंडपाठ, पण त्याला लागणारं बारावीचं इंटिग्रेशनच कच्चं! मग काय, बारावीचं पुस्तक काढलं.

लालबाग:
बारावीपर्यंत मराठीतून आर्ट्स आणि मग बीएला सायकॉलॉजी एकदम इंग्लिशमधून. मला वाटायचं वर्गात सगळ्यांना कळतंय, मीच ढ, म्हणून शंका विचारायचेच नाही. टीवायच्या (थर्ड इयरच्या) एका ताईने कँटीनमध्ये स्वतःची पहिल्या सेमची मार्कशीट दाखवली, माझ्याहून बेकार होती. त्या दिवशी पोटभर जेवले.

पार्ले:
लालबागवाल्या ताई, अमेरिकेत विल्सन आणि लिनव्हिल या सायकॉलॉजिस्टनी १९८२ मध्ये हेच करून पाहिलेलं. मार्कांनी धास्तावलेल्या फर्स्ट इयरवाल्यांना सीनियर्सचे व्हिडिओ दाखवले, की सुरुवातीला मार्क कमी पडतात, पुढे वाढतात. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यातली कमी मुलं कॉलेज सोडून गेली आणि मार्कही सुधारले. प्रयोग छोटा होता हां, लगेच जादू समजू नका.

बदलापूर, कॉमर्सला शिकवतो:
सगळं मनावर ढकलू नका राव. पोरगा सकाळी लोकलला लटकत येतो, संध्याकाळी दुकानात कामाला, त्याला "तू करू शकतोस" सांगून काय होणार? आम्ही भांडून लायब्ररी उशिरापर्यंत उघडी ठेवून घेतली.

गिरगाव:
माझ्या भाचीचं "तीनदा वाचलं तरी विसरते, मेमरीच खराब". रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारल्यावर आठवून लिहिणारे पुढे. तिला म्हटलं पुस्तक मीट आणि लिही. आता ट्रेनमध्ये वही काढायला जागा नसते तर मनातच, चर्नी रोड ते दादर एक टॉपिक. दादरला उतरायच्या गडबडीत अर्धा राहतो, तो परतीला.