चिठ्ठीवरची औषधं: सगळ्यांना फुकट, की उत्पन्न बघून?

प्रेषक: फार्मासिस्ट, लेस्टर

नमस्कार मंडळी,

"इंग्लंडमध्ये ज्याला परवडतं तोच औषधाचे पैसे भरतो" हे कालच्या मेलमधलं वाक्य बरोबर नाही. इथे सरकारी आरोग्यसेवेत ९.९० पौंड चिठ्ठीला नाही, चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला पडतात. दम्याचा निळा आणि तपकिरी इनहेलर एकदम घेतला की १९.८०. रक्तदाबाच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची एक, झाले २९.७०. त्याच माणसाला मधुमेह असून मेटफॉर्मिन चालू असेल, तर माफीचं सर्टिफिकेट काढल्यावर सगळंच फुकट, डोळ्यांचे थेंबसुद्धा. अशी माफी मिळणाऱ्या आजारांची यादी १९६८ सालची. २००९ मध्ये कर्करोग आत आला, बाकी जवळजवळ तीच. थायरॉइडची रोजची गोळी आत, दमा बाहेर. साठी उलटली की कितीही पेन्शन असो, पैसे नाहीत. यात उत्पन्न बघितलं कुठे?

परिणाम असा की दहापैकी जवळजवळ नऊ औषधं बिनपैशाची जातात, आणि उरलेल्या एकाचा भार कमावत्या वयातल्या, यादीबाहेरचा आजार असलेल्यांवर पडतो.

---

प्रेषक: हिशेबनीस, रेडिंग

मंडळी,

साठीची सरसकट माफी मलाही पटत नाही, यादीही जुनाट आहे. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनाच फुकट का द्यायचं? १ जून १९५२ ला चिठ्ठीमागे एक शिलिंग लागू झाला. विल्सन सरकारने फेब्रुवारी १९६५ मध्ये औषधांचे पैसे घेणं बंद केलं आणि जून १९६८ मध्ये त्याच सरकारला औषधामागे अडीच शिलिंग लावावे लागले, कारण खर्च आवरेना. पैसे कुठून तरी यायचेच, आणि आरोग्याच्या तिजोरीतून आले की तिथलंच दुसरं काहीतरी कमी होतं.

शिवाय वरची मर्यादा आहेच. एकदा ठरावीक पैसे भरले की मुदतीत कितीही औषधं घेता येतात, ते प्रीपेमेंट सर्टिफिकेट वर्षाचं ११४.५० पौंडांना, दहा हप्ते ११.४५ चे. वर्षात बारा औषधं लागली की ते वसूल. तीन महिन्यांचं ३२.०५ ला, चार औषधांत वसूल. चांगल्या पगाराच्या माणसाने एवढे भरावेत असं मला मनापासून वाटतं. उत्पन्न जरूर बघा, पण नीट बघा.

---

प्रेषक: जीपी (फॅमिली डॉक्टर), कार्डिफ, वेल्स

नमस्कार,

"नीट बघा" म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात कसं बघतात ते सांगतो. युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर) माफी हवी, तर मागच्या हिशेबाच्या महिन्यात हातात आलेला पगार ४३५ पौंडांच्या आत लागतो (मूल असेल किंवा आजारपणामुळे काम मर्यादित असेल तर ९३५). आता दर चार आठवड्यांनी ४२० पौंड मिळवणारी बाई घ्या. वर्षातून एकदा एकाच हिशेबाच्या महिन्यात तिचे दोन पगार पडतात, ८४० दिसतात आणि माफी जाते. तिची कमाई एका पैनेही वाढलेली नसते. सवयीने तिने चिठ्ठीमागच्या माफीच्या चौकोनात खूण केली, तर मूळ पैसे वसूल होतात आणि वर पाचपट दंड, १०० पौंडांपर्यंत. वेळेत भरला नाही तर आणखी ५० पर्यंत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको.

आणि जे भरतात ते काय गाळतात, हेही बघा. निळ्या इनहेलरने दोन मिनिटांत श्वास मोकळा होतो, तपकिरीचा गुण लगेच जाणवत नाही. पैसे एकाचेच असतील तर माणूस निळा उचलतो. श्वासनलिकांची सूज मात्र तपकिरीच आवरतो, म्हणून पुढे रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ येते. वेल्सने १ एप्रिल २००७ ला पैसे घेणं बंद केलं, उत्तर आयर्लंडने २०१० ला, स्कॉटलंडने २०११ ला. तिघांपैकी कोणीही मागे फिरलेलं नाही. खर्च आटोक्यात ठेवायचा तर तो लिहिणाऱ्या डॉक्टरच्या पेनापाशी ठेवा: जेनेरिक लिहा, अनावश्यक गोळी बंद करा. रुग्णाच्या खिशापाशी नको.

---

प्रेषक: फार्मासिस्ट, लेस्टर

डॉक्टरांशी मी सहमत आहे. पण कायदा बदलेपर्यंत इंग्लंडमधल्यांनी निदान हक्काचं सोडू नये.

विद्यार्थ्यांसाठी आधी. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरला म्हणून औषधं फुकट होत नाहीत. कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा एचसी१ अर्ज भरा. बचत १६,००० पौंडांच्या आत आणि उत्पन्न कमी असेल तर एचसी२ सर्टिफिकेट येतं, त्यावर औषधं, दात आणि डोळ्यांची तपासणी फुकट. व्हिसावर 'सरकारी मदत नाही' असा शिक्का आहे म्हणून बरेच जण घाबरतात. ही मदत त्या यादीत नाही. त्याऐवजी अर्धवट मदतीचं एचसी३ आलं तर दात-चष्म्याला थोडी सूट मिळते, औषधांना नाही.

मधुमेह किंवा थायरॉइडचं औषध चालू आहे एवढं पुरत नाही, हातात मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट हवं. जीपीकडून एफपी९२ए हा त्याचा अर्ज भरून घ्या. पाच वर्षं चालतं, आणि मुदत संपल्याचं लक्षात राहिलं नाही तर दंड बसू शकतो.

सर्टिफिकेट अजून यायचं असेल तर पैसे भरताना, त्याच क्षणी परताव्यासाठीची एफपी५७ पावती मागा. नंतर कोणतीही फार्मसी ती देऊ शकत नाही. परतावा तीन महिन्यांच्या आत मागायचा. प्रीपेमेंट सर्टिफिकेट एक महिना मागच्या तारखेपासून घेता येतं.

वॉरफरिनच्या (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या) १, ३ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या एकदम लिहिल्या तर पैसे एकदाच. एकच औषध गोळी आणि द्रव अशा दोन रूपांत आलं तर दोनदा. वैद्यकीय पायमोज्यांचा जोड म्हणजे दोन नग, म्हणजे १९.८०. तीन महिन्यांत असे दोन जोड किंवा एक जोड आणि आणखी दोन औषधं लागणार असतील, तर त्याआधी तीन महिन्यांचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्या.