प्रोटीन पावडर आणि बाळाचं वजन

आईने प्रोटीन पावडर घेतली की पोटातलं बाळ भरतं, असं म्हणतात, पण ते मला पटत नाही. गर्भाच्या रक्तात बहुतेक अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आईपेक्षा जास्तच असतात, कारण वार (प्लॅसेंटा, नाळेतून बाळाला पोषण देणारा अवयव) स्वतःची ऊर्जा खर्चून ती बाळाकडे पोचवते. वारच अशक्त असेल तर कितीही डबे संपवून काय होणार?

जन्मानंतर काय होतं, तेही पाहायला हवं. नाळ कापली की हा पुरवठा एकदम थांबतो, आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला किलोमागे रोज साधारण ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईला दूध उतरत नसेल तर मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं दूध देणारी पेढी, आहे. पेढीच्या दुधात प्रथिनं थोडी कमी असतात, म्हणून अशा बाळांसाठी डॉक्टर त्यात फोर्टिफायर (दुधातली प्रथिनं आणि पोषण वाढवणारं पूरक) मिसळतात. त्याबद्दल वॉर्डात नक्की विचारा.